बुरशी कोणत्या औषधाला दाद देते?

जालना तालुक्यातल्या कडवंची परिसरात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आटोपली की फवारणीचे वेळापत्रक सुरू होते. नव्या फुटी येतात, थंडी पडू लागते आणि पानांवर पांढरट पूड दिसली की शेतकऱ्याला भुरीची धास्ती वाटते. कृषी सेवा केंद्रातून हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल अशा नावांच्या बाटल्या बागेत पोहोचतात. जालन्याहून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या अतिदक्षता विभागात, फुप्फुसात बुरशी वाढलेल्या रुग्णाला शिरेतून जे औषध दिले जाते, त्याचे नाव असते व्होरिकोनॅझोल.

ही नावे सारखी वाटतात, कारण ही सगळी औषधे एकाच कुळातली आहेत. या कुळाला ट्रायझोल म्हणतात. बुरशीच्या पेशीचे पातळ आवरण एर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थामुळे टिकून असते. हा पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराला ट्रायझोल अडवतात आणि बुरशीची वाढ थांबते. हा विकर द्राक्षाच्या पानावरच्या भुरीत असतो, तसाच माणसाच्या फुप्फुसात शिरणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीतही असतो. त्यामुळे शेतातल्या औषधाला सरावलेली बुरशी दवाखान्यातल्या औषधालाही पुरून उरू शकते.

रुग्णाच्या शरीरातली बुरशी कोणत्या औषधाला दाद देते, हे प्रयोगशाळेत तपासता येते. जिवाणूंची अशी तपासणी आता घरोघरी माहीत झाली आहे. लघवीचे ‘कल्चर’ केले की कोणते प्रतिजैविक लागू पडेल, याची यादी अहवालात येते. बुरशीची चाचणी त्याच धर्तीची आहे, पण ती जास्त वेळ घेते आणि तिला जास्त सराव लागतो. शिवाय तिचे यश बरेचसे प्रयोगशाळेबाहेर ठरते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर काढलेला ऊतीचा तुकडा कोणत्या बाटलीत टाकला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

२०२१ मध्ये काय दिसले

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा शब्द मराठवाड्यातल्या गावागावांत पोहोचला. नाक चोंदणे, गाल सुजणे, दात हलणे, डोळ्यामागे ठणका आणि मग डोळाच काढावा लागणे, असा तो आजार होता. मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना त्याने गाठले. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना १८९७ च्या साथरोग कायद्याखाली हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशातील रुग्णसंख्या ४५ हजारांवर गेली होती आणि त्यात सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रातले होते. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडत होते. त्याच मे महिन्यात वर्ध्यात या इंजेक्शनचे उत्पादन सुरू करावे लागले.

लोकांनी या आजाराला ‘काळी बुरशी’ म्हटले. प्रत्यक्षात ती बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेले मांस काळे पडते. आपल्याकडे या आजारात सर्वाधिक सापडणारी बुरशी रायझोपस कुळातली आहे. शिळ्या भाकरीवर किंवा पावावर कापसासारखी वाढणारी बुरशी तिच्याच नात्यातली.

पण नाकामागच्या पोकळ्यांत वाढणारी प्रत्येक बुरशी रायझोपस नसते. तिथेच अ‍ॅस्परजिलसही वाढते आणि बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसू शकतात. दोघांची औषधे मात्र वेगळी आहेत. अ‍ॅस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी एक. रायझोपसवर त्याचा उपयोग होत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी बहुतेक वेळा दोघींवर चालते, म्हणून शंका असेल तेव्हा डॉक्टर त्यापासून सुरुवात करतात. पण ते मूत्रपिंडांना त्रास देते आणि रक्तातले पोटॅशियम खाली आणते. गरज नसताना ते आठवडेच्या आठवडे चालू ठेवणे परवडणारे नसते. म्हणजे बुरशी नेमकी कोणती, हे लवकर कळण्यावर रुग्णाचा जीव आणि घरचा पैसा दोन्ही अवलंबून असतात.

नाव कळले की निम्मे काम होते

औषधाला दाद न देण्याचे दोन प्रकार आहेत. एक उपजत. काही बुरशी काही औषधांना जन्मतःच जुमानत नाहीत. तोंडातल्या कँडिडासाठी सर्रास दिले जाणारे फ्लुकोनॅझोल धाग्यांच्या बुरशींवर उपचार म्हणून कुचकामी आहे. रायझोपस आणि तिची भावंडे व्होरिकोनॅझोलला दाद देत नाहीत. अ‍ॅस्परजिलस टेरियस ही जात अ‍ॅम्फोटेरिसिन-बीलाच जुमानत नाही, जरी तिच्या जवळच्या नात्यातली अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस त्या औषधाने सहसा आटोक्यात येते. असा प्रतिरोध नावावरूनच कळतो. जात ओळखली की निम्मी चाचणी झालीच.

डोळ्यांचे उदाहरण शेतकऱ्यांच्या जास्त जवळचे आहे. ज्वारी काढताना पात लागते, कापूस वेचताना काडी टोचते, मळणीत कुसळ उडते. बुबुळाला ओरखडा पडतो आणि त्यातून फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस आत शिरते. आठ-दहा दिवसांत डोळा लाल होतो, पांढरा डाग दिसतो आणि उपचार चुकला तर ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणण्याची वेळ येते. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत अशा ३२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नॅटामायसिन हे जुने थेंब आणि व्होरिकोनॅझोलचे नवे थेंब यांची त्यात तुलना होती. जुने औषध सरस ठरले आणि फ्युझेरियमच्या रुग्णांत हा फरक विशेष ठळक होता. नवे औषध म्हणजे चांगले औषध, हा हिशेब बुरशीच्या बाबतीत चालत नाही.

दुसरा प्रकार कमावलेल्या प्रतिरोधाचा. एरवी औषधाला दाद देणाऱ्या जातीतली एखादी बुरशी जनुकीय बदलामुळे दाद देईनाशी होते. ही गोष्ट नावावरून कळत नाही. त्यासाठी त्या रुग्णाचीच बुरशी वाढवून तिच्यावर औषध वापरून पाहावे लागते.

दोन बाटल्या

वाढवायची तर बुरशी जिवंत हवी. इथेच वारंवार घोटाळा होतो. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा विकृतिशास्त्राच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याची पद्धत आहे. फॉर्मॅलिन ऊती टिकवते, पण बुरशीला मारून टाकते. त्या बाटलीतल्या तुकड्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. त्यातली बुरशी वाढवता मात्र येत नाही आणि तिच्यावर औषधाची चाचणीही करता येत नाही.

म्हणून अशा रुग्णाच्या नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, विकृतिशास्त्रासाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, सूक्ष्मजीवशास्त्रासाठी. सलाइनही थोडेच, तुकडा सुकू नये इतपत. कापसाच्या काडीवर पुसून घेतलेला स्राव ऊतीच्या तुकड्याला पर्याय होत नाही. म्युकरमायकोसिसची शंका असेल तर नमुना फ्रिजमध्ये न ठेवता साध्या तापमानाला ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवायचा असतो. प्रयोगशाळेतही हा तुकडा खलून त्याचा लगदा करायचा नसतो. या बुरशीचे धागे रुंद, नाजूक आणि आतून अखंड नळीसारखे असतात. मध्ये पडदे नसल्याने एका ठिकाणी फाटला तरी मोठा भाग मरतो. म्हणून तुकड्याच्या बारीक फोडी करून त्या थेट वाढीच्या माध्यमावर दाबून बसवतात.

नमुना पोहोचला की पहिले उत्तर त्याच दिवशी मिळू शकते. तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण टाकले की मांस विरघळते आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे धागे दिसले तर रायझोपसच्या कुळाची शंका घट्ट होते. बारीक, पडदे असलेले आणि इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद कोनात फुटणारे धागे अ‍ॅस्परजिलसकडे बोट दाखवतात. पहिले औषध निवडायला एवढी माहितीही फार मोलाची असते. उपचार सुरू करण्यासाठी पुढच्या अहवालाची वाट पाहायची नसते.

वाढ, ओळख आणि सेलोटेप

नंतर तुकडा साबूरो माध्यमावर ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबूरो यांनी बुरशीसाठी रूढ केलेले हे साखरेचे आणि पेप्टोनचे माध्यम आजही जगभर वापरात आहे. रायझोपस दोन-तीन दिवसांत नळी भरून टाकते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस धुरकट निळ्या-हिरव्या मखमलीसारखी वाढते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस पोपटी-पिवळी दिसते. ओळख पटवण्यासाठी तंत्रज्ञ सेलोटेपचा तुकडा हलकेच वाढीवर टेकवतात आणि निळ्या रंगाच्या थेंबावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टेपमुळे धागे आणि त्यांच्या टोकावरचे बीजाणू जसेच्या तसे उचलले जातात. फ्युझेरियमचे बीजाणू होडीच्या आकाराचे असतात, अ‍ॅस्परजिलसचे टोक झारीच्या तोंडासारखे दिसते. जिथे सोय आहे तिथे जनुकीय तपासणीने जात पक्की करतात.

जिवाणू एका रात्रीत वाढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची औषधचाचणी लागते. धाग्यांच्या बुरशीला आधी वाढायला, मग पुरेसे बीजाणू धरायला आणि नंतर चाचणीसाठी पुन्हा वाढायला वेळ लागतो. सगळे मिळून आठवडा सहज जातो. या चाचण्यांना उशिरा शिस्त लागली त्याचेही हे एक कारण. जिवाणूंसाठी आजही वापरली जाणारी कागदी चकत्यांची पद्धत १९६६ मध्ये प्रमाणित झाली. धाग्यांच्या बुरशीसाठी अमेरिकेतील मानक संस्थेची पहिली संमत पद्धत यायला २००२ उजाडले.

शहाण्णव खळगे

मुख्य चाचणी तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये होते. प्लेटमध्ये आठ ओळी आणि बारा रकाने, म्हणजे ९६ छोटे खळगे असतात. एका ओळीत एक औषध. पहिल्या खळग्यात ते लिटरला १६ मिलिग्रॅम या प्रमाणात असते, पुढच्यात निम्मे म्हणजे ८, मग ४, २, १ असे निम्मे-निम्मे होत दहाव्या खळग्यात ०.०३ पर्यंत उतरते. अकराव्यात औषध नसते, तिथे बुरशी मोकळेपणाने वाढलीच पाहिजे. बाराव्यात बुरशी नसते, तो खळगा स्वच्छच राहिला पाहिजे. या दोन खळग्यांनी साक्ष दिली तरच बाकीच्या दहांवर विश्वास ठेवायचा.

खळग्यांतले द्रव माध्यम आरपीएमआय-१६४० नावाचे असते. अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क संस्थेत माणसाच्या रक्तपेशी वाढवण्यासाठी ते १९६० च्या दशकात तयार झाले होते. त्यातले घटक ठरलेले असल्याने एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीच्या निकालाशी ताडून पाहता येतो.

खरे कौशल्य बीजाणू मोजण्यात आहे. वाढीवर पाणी आणि साबणासारख्या द्रव्याचा थेंब टाकून बीजाणू धुऊन घेतात, धाग्यांचे जड तुकडे तळाशी बसू देतात आणि वरचे द्रावण ठरलेल्या दाटपणाला आणतात. बीजाणू जास्त झाले तर औषध उगीचच कमजोर ठरते, कमी झाले तर उगीचच जोरदार. हे सगळे सुरक्षा कपाटात करावे लागते, कारण हे बीजाणू हवेत उडून तंत्रज्ञांच्याच फुप्फुसात जाऊ शकतात.

प्लेट ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. रायझोपससाठी साधारण २४ तास, अ‍ॅस्परजिलससाठी ४८ तास. मग खालून आरसा धरून खळगे पाहतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला खळगा नितळ राहिला, ती ‘वाढ रोखणारी किमान मात्रा’. अहवालात ती एमआयसी या नावाने येते. गुणधर्म आधीच ठाऊक असलेली एक बुरशी त्याच दिवशी सोबत तपासतात. तिचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला नाही, तर रुग्णाचाही निकाल देत नाहीत.

लहान प्रयोगशाळांसाठी सोपे पर्याय आहेत. औषधाचे प्रमाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाणारी पट्टी बुरशी पेरलेल्या माध्यमावर ठेवतात आणि वाढ जिथे पट्टीला भिडते तिथला आकडा वाचतात. दुसरा पर्याय चार खळग्यांच्या छाननी प्लेटचा. तीन खळग्यांत तीन ट्रायझोल, चौथा औषधाविना. औषध असलेल्या खळग्यात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस वाढली, तर ती पूर्ण चाचणीसाठी मोठ्या केंद्राकडे पाठवायची. न वाढल्यास ट्रायझोल चालेल, असा भरवसा बऱ्याच अंशी मिळतो.

आकडा वाचायचा कसा

समजा, अहवालात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटससाठी व्होरिकोनॅझोलचा आकडा ०.२५ आला. अमेरिकी मानकानुसार ०.५ किंवा त्याहून कमी म्हणजे बुरशी औषधाला दाद देते, २ किंवा त्याहून जास्त म्हणजे देत नाही. मधला १ काठावरचा. या चाचणीत एका पायरीचा फरक, म्हणजे आज ०.२५ आणि उद्या ०.५, हा नेहमीचा मानला जातो. त्यामुळे काठावरचा आकडा आला तर डॉक्टर रुग्णाची प्रगती आणि रक्तातले औषधाचे प्रमाण पाहून निर्णय घेतात. व्होरिकोनॅझोल प्रत्येकाच्या यकृतात वेगवेगळ्या वेगाने मोडते. तोच डोस एकाला अपुरा पडतो, दुसऱ्याला जास्त होतो.

दोन वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून ‘ज्याचा आकडा लहान ते औषध चांगले’ असेही ठरवता येत नाही. प्रत्येक औषध शरीरात किती पोहोचते हे वेगळे असते, म्हणून प्रत्येकाची मर्यादाही वेगळी असते. रायझोपसच्या कुळासाठी तर उपचाराच्या अशा मर्यादा ठरलेल्याच नाहीत. तिथे आकड्यापेक्षा जात ओळखणे, मेलेले मांस शस्त्रक्रियेने काढणे आणि रक्तातली साखर आटोक्यात आणणे जास्त निर्णायक ठरते. ‘दाद देते’ असा निकाल म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे. ‘दाद देत नाही’ हा निकाल मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्या औषधावर घालवलेला प्रत्येक दिवस बुरशीच्या पथ्यावर पडतो.

शेतातून आलेला प्रतिरोध

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस मुळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जगते. उकिरड्यात, शेणखताच्या ढिगात तापमान ५० अंशांपर्यंत गेले तरी ती तग धरते, म्हणून माणसाच्या शरीराची ऊब तिला मानवते. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. निरोगी माणसाला काही होत नाही. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, अतिदक्षता विभागातले रुग्ण यांना धोका असतो. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी राहिलेल्या माणसातही ही बुरशी हळूहळू घर करते. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त अशी लक्षणे पुन्हा दिसली की क्षय उलटला असे वाटते. तपासणीत क्षयाचा जंतू सापडत नसेल, तर बुरशीचा विचार करावा लागतो. अशा रुग्णाला ट्रायझोलच्या गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात आणि इतक्या दीर्घ उपचारात बुरशी शरीरातच प्रतिरोध कमावू शकते.

पण ज्यांनी हे औषध कधी घेतलेलेच नाही, अशा रुग्णांतही प्रतिरोधी बुरशी सापडू लागली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास ही गोष्ट मांडली. या बुरशींत एक ठरावीक जोडबदल होता. विकराच्या जनुकाआधी ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला आणि विकरातल्या ९८ व्या जागी ल्युसिनऐवजी हिस्टिडीन. पहिल्या बदलाने विकर जास्त प्रमाणात तयार होतो, दुसऱ्याने त्याचा आकार असा बदलतो की औषध नीट बसत नाही. हाच बदल असलेली बुरशी मातीत आणि हवेतही मिळाली. फुलांच्या कंदांचा आणि बागेचा बुरशीनाशक मुरलेला कचरा जिथे कुजतो, ते ढीग अशा बुरशीची आगारे असल्याचेही तिथे पुढे दिसून आले.

भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतील डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असाच शोध प्रसिद्ध केला. पर्यावरणातून मिळवलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसच्या नमुन्यांपैकी ४४, म्हणजे ७ टक्के, ट्रायझोलला दाद देत नव्हते. चहामळ्यांची माती, भातखाचरे, रुग्णालयाच्या बागेतल्या कुंड्या, इतकेच नव्हे तर रुग्णालयाच्या वॉर्डातली हवा यांतून ते मिळाले होते. रुग्णालयातल्या तीन ट्रायझोल औषधांबरोबरच शेतीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सहा ट्रायझोल बुरशीनाशकांनाही ते पुरून उरत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. तिच्या सर्वांत वरच्या गटातल्या चार बुरशींपैकी धाग्यांची बुरशी एकच होती, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस.

हीच चूक पुन्हा होण्याची चिन्हे आहेत. ओलोरोफिम हे माणसांसाठीचे अगदी वेगळ्या तऱ्हेचे नवे औषध विकसित होत आहे. त्याच विकरावर घाव घालणारे इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचे बुरशीनाशकही पुढे आले आहे. प्रयोगशाळेत शेतीच्या औषधाला सरावलेली अ‍ॅस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देत नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

गजकर्णाचेही तेच

ज्यांच्या घरात कोणी कर्करोगाचा किंवा अतिदक्षता विभागातला रुग्ण नाही, त्यांनाही प्रतिरोधी बुरशी भेटते, ती गजकर्णाच्या रूपाने. जांघेत, कंबरेवर, पाठीवर गोल चट्टे उठतात, मलम लावले की दबतात आणि महिन्याभराने दुप्पट होऊन परततात. गेल्या दशकात देशभर हा त्रास वाढला. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी स्वतंत्र नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्या अनेक वाणांत टर्बिनाफिन या मुख्य औषधाच्या विकरातच बदल झालेला असतो आणि एकेकाळचे हमखास औषध चालत नाही. दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबून बुरशी पसरते. दोन औषधोपचारांनंतरही चट्टे जात नसतील, तर खरवडून काढलेली कातडी तपासून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. तिचीही प्लेट लावता येते, फक्त उत्तराला अ‍ॅस्परजिलसपेक्षा जास्त दिवस लागतात.

जालन्यात काय करता येईल

प्रत्येक तालुक्यात ९६ खळग्यांची प्लेट लावण्याची गरज नाही. भोकरदन, परतूर किंवा मंठ्याहून निघालेला नमुना जिवंत स्थितीत पुढे पोहोचला, तरी मोठे काम होते. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. अशा महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतोच. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी, साबूरो माध्यमावरची वाढ आणि चार खळग्यांची छाननी ही कामे जिल्ह्यातच झाली, तर फक्त अवघड नमुने पुढे धाडावे लागतील. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. ओळख न पटलेल्या बुरशींसाठी तो देशाचा आधार आहे.

बागायतदाराच्या हातातही काही गोष्टी आहेत. एकाच कुळातले बुरशीनाशक पाठोपाठ फवारू नये. बाटलीवरचे व्यापारी नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे होत नाही, आतल्या घटकाचे नाव वाचावे लागते. भुरीसाठी गंधकासारखे वेगळ्या तऱ्हेने काम करणारे पर्याय आहेत. त्यांचा क्रम खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना विचारून ठरवता येतो. लेबलवरची मात्रा आणि फवारण्यांची संख्या ओलांडू नये. खताचा ढीग उलथताना नाकातोंडाला रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क लावावा. घरात केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असलेली व्यक्ती असेल, तर तिने या कामापासून लांबच राहावे.

रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न छोटा आहे: ‘डॉक्टरसाहेब, एक तुकडा सलाइनमध्येही पाठवला का?’ सोबतच्या अर्जावर बुरशीची शंका, मधुमेह किंवा जुना क्षय आणि आतापर्यंत घेतलेली बुरशीची औषधे लिहिलेली असली, की पलीकडच्या तंत्रज्ञाला कोणते माध्यम आणि कोणती प्लेट घ्यायची, हे बाटली उघडण्याआधीच कळते.